मार्चचे आठ कागद

गावाहून,
९ एप्रिल २०२५

चि. अश्वजित,
सप्रेम जय भीम. गुडघा सोडला तर मी बरी आहे. तू आणि रिना सुखात असाल. तुमची हळद दळून ठेवली, पण यंदा पाठवणार नाही. काऊन, ते पुढं वाच.

तू लावून दिलेलं काम रोज करते. सकाळी आठला ग्रामपंचायतीच्या गच्चीवर चढते, यंत्रातला कालचा गोल कागद चिमट्यानं काढते, नवा पांढरा बसवते. जुना पाकिटात घालून वर तारीख टाकते. कागदावर बसलेली हवेतली काजळी मग तुमची प्रयोगशाळा मोजते. चौथी शिकलेल्या बहिणीला तू हे शिकवलंस, म्हणून गावभर मिरवले रे मी! पुढचं माझं मीच शिकले. पाल्याच्या धुराचा कागद चहा सांडल्यासारखा दिसतो. कारखान्याच्या कोळशाचा काळाकुट्ट, तव्याच्या बुडासारखा.

परवा ठमाबाई भेटली. मोहफुलं वेचायला झाडाखालची जागा साफ लागते, म्हणून बाया पाला जाळतात, हे तुला काय सांगावं! तुझ्या अहवालात आलं की गावची काजळी त्या आगीची. झालं. चौदा घरांना जंगल बंद. ठमाबाई तरी गेली, तर टोपली जप्त आणि वर केस. सत्तरीची बाई.

मला म्हणाली, “इंदू, माह्या पाल्याचा धूर तुह्या मशिनीले दिसला, अन् त्या चिमणीचा नाई दिसला काय व?”

मी म्हटलं, “गुडघा दुखून राह्यला बाई, जातो मी.”

आई गेली तेव्हा तू तीन महिन्यांचा होतास. ठमाबाईनं आपल्या लेकीसोबत तुलाही अंगावर पाजलं. आणि मी तिला गुडघा सांगितला.

गेल्या वर्षी मार्च सरता सरता तू फोनवर बोलून निरोप पाठवलास. “ताई, जानेवारीचे ते आठ काळे कागद अजून तुह्यापाशीच हायेत, ते नव्या पाकिटात घाल. वर चौदा ते एकवीस मार्च टाक. मार्चचे चुलीत घाल. माह्या नोकरीचा सवाल हाय.” मी टाकल्या तारखा, आणि चिमणीची काजळी पाला जाळायच्या दिवसांवर गेली. भाऊ बुडू नये म्हणून टाकल्या, अक्षरसुद्धा वळणदार काढलं.

पण तारखा तू निवडल्यास, बाबू. त्या आठ दिवसांत इथं रोज अवकाळी पाऊस होता. पाला चिखलात, काडी पेटत नव्हती. तहसिलातून पावसाच्या नोंदीची नक्कल आणली आहे. मार्चचे खरे कागदही मी चुलीत घातले नाहीत. धुतल्यासारखे पांढरे आहेत. मोह खाऊन मोठा झालास, आणि “मोह पडून राह्यला काय?” एवढंही विचारलं नाहीस. मला तेव्हाच कळलं होतं तुझं चुकलं ते. बोलले नाही. का बोलले नाही, ते तेव्हा माझं मलाच कळलं नव्हतं. आता कळतं, तुझी ती चूक मी ठमाबाईसाठी राखून ठेवली होती.

अकरा तारखेला गडचिरोलीला ठमाबाईची सुनावणी आहे. मी उभी राहणार. आधी माझं नाव घेईन, मग तुझं. तुझा निरोप फोनमध्ये आहे, तो मोठ्या आवाजात लावीन. तुमच्या साहेबाला, कारखान्याच्या वकिलाला, सगळ्यांना ऐकू दे. माझं काम जाईल, जाऊ दे. तुझीही नोकरी जाईल. वाटलं होतं, रडू येईल. काल कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

जयंतीला यायचं तर ये. आधी ठमाबाईच्या दारात जा. तिनं पाणी दिलं, तरच माझ्याकडं ये.

हे पत्र मुद्दाम साध्या टपालानं टाकते. नागपूरला पोचायला चार दिवस लागतात. लागू देत.

खोट्या तारखा लिहिणारी,
आणि ठमाबाईची साक्षीदार,
इंदू बापूराव मेश्राम