यंदाचा वर्गफोटो उद्याच

प्रिय ताई,

फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणालो, ते खोटं होतं.

कॉलेजच्या वर्धापनदिनासाठी मी व्हरांड्यात फोटोंच्या दोन ओळी लावतोय. वर जगातल्या घडामोडी, खाली आमच्या. वर माणूस चंद्रावर उतरलाय, खाली आमची पहिली प्रयोगशाळा, एका बेसिनची! हसू आलं. मग लक्षात आलं, शेवटच्या वर्षाचा वर्गफोटो परीक्षेनंतर काढायची आमची रीत. पण वरच्या ओळीत दोनदा युद्ध आलंय, आणि त्या दोन्ही वर्षी तो कितीतरी आधी काढलाय. परीक्षेपर्यंत मुलं लढाईवर गेलेली असणार होती ना.

बातम्या तू ऐकतेसच. आज प्राचार्य म्हणाले, "सर, वर्गफोटो उद्याच उरकून घ्या." परीक्षा तर अजून कितीतरी लांब आहे.

तुझा लेकही त्याच वर्गात ना. घरी येऊन त्याला म्हटलं, "उद्या दांडी मार. ताप आलाय म्हण."

"मामा, तुझं आपलं काहीतरीच! मी पुढच्या रांगेत बसणार आहे." आणि शीळ घालत शर्टाला इस्त्री करायला गेला.

आत्ताच मी घराचा फ्यूज काढून खिशात ठेवलाय. आतून आवाज आला, "मामा, लाईट गेली! जाऊ दे, चुरगळलेलाच घालतो."

तुझा भित्रा भाऊ