सीपीयूचं उघडं झाकण

३ ऑक्टोबर
कॉम्प्युटर बंद पडला. बटण दाबलं — काही नाही. पंखा नाही, दिवा नाही. कार्ड बसवून तीनच दिवस झाले!

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, आप्पा कारखान्यात असताना, त्यांना न विचारता नवं ग्राफिक कार्ड बसवलं. चादरीची डिझाइनं पटापट उघडावीत म्हणून. खोक्यावर लिहिलं होतं — साडेचारशे वॉट. आमच्या पॉवर सप्लायवर चारशे. वाचलं होतं मी. तरी बसवलं. कार्ड तापतं म्हणून सीपीयूचं बाजूचं झाकणही काढून ठेवलं.

आप्पांनी विचारलं, "काय झालं गं वैजू?"

"लाइट कमी-जास्त झाली असेल."

तोंडातून निघून गेलं.

४ ऑक्टोबर
आप्पांनी वायरमनला फोन लावला. "सोमेश, अर्थिंग केलंस का नुस्ता चहा पिऊन गेलास रं?" तो बिचारा शपथा घेत होता. मी भाकरी थापत होते. 

खंडेनवमीला आप्पांनी कात्री, पेन्सिली आणि सीपीयूला हळदकुंकू लावलं होतं. कारखान्याच्या लाल सुतात स्वतः झेंडू ओवले, हार सीपीयूवर नीट बसेना तर उघड्या बाजूला अडकवला. "हेच्यावर घर चालतंय की." आणि मी काय करून ठेवलं! आज सकाळी हाराची फुलं सुटी होऊन खाली पडलेली, आप्पा ती गोळा करून सूत शोधत होते.

५ ऑक्टोबर
मंगळवारी चादरीचा नमुना द्यायचाय. आप्पा ग्राफपेपर घेऊन बसलेत. मोतीबिंदू काढलेला डोळा, हातात भिंग. एकेक चौकोन रंगवतात. मोर आहे. डोळ्याला पाणी येतं, पुसतात, पुन्हा चौकोन.

शाळेच्या आधी अक्षरं त्यांनीच शिकवली मला, असल्याच चौकोनांत. चुकलं तर आधी सांगायचं, मग खोडायचं — हेही त्यांचंच.

६ ऑक्टोबर
व्हिडिओ बघून स्वतः तपासलं. पॉवर सप्लाय सुटा काढला, हिरवी वायर काळीला पिनेनं जोडली, बटण चालू केलं. त्याचा पंखा हललाच नाही. गेला!

पॉवर सप्लायचा डबा घेऊन ताबीशच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात. त्यानं स्क्रू काढले आणि हसला. "ताई, ह्यात लूम चालवता काय?"

पंख्याच्या आसाला दोरा — मागाची कांडी भरावी तसा घट्ट. एक वाळलेली पाकळी.

"पंखा अडकला, तापून जळलं. कार्डानं न्हाय. तेवढं चाललं असतं की."

लाल सूत! झाकण मी उघडं टाकलं. पण हार आप्पांचा. पूजा केली होती त्यांनी... त्यांना कळता कामा नये.

नवा बसवला. सुरू झाला. दोरा ह्या पानात ठेवलाय.

७ ऑक्टोबर
सांगून टाकलं. कार्ड, वॉट, लाइटचं खोटं — सगळं माझ्यावर घेतलं. दोऱ्याचं काढलंच नाही.

आप्पांनी मोराच्या पिसातला हातातला चौकोन रंगवून संपवला. मग सोमेशला फोन लावला — "चुकी आमची हाय रं."

फोन ठेवला. मान वर न करता मला म्हणाले, "आन् दोरा? माज्या हारातला. कुटं टाकलास?"