साखळीचा गंज

मंगळवार, दिवेलागण. कारधा

...अंगण सारवलं, राखेनं भांडी घासली आणि त्याच हातानं ह्यांच्या नदीतल्या डोंग्याची साखळीही घासून टाकली. परदेशात असलेल्या पूनमनं मागवलेली. लेकीकडं बापाची वस्तू मळकी कशी पाठवायची?

आज तिचा फोन आला. घासल्याचं सांगितलं, तर म्हणाली, "माय वो, कायले घासली? मले त गंजच पाहिजे होता!" मग हसली. "देवाची भांडी समजली का तू?"

तिच्या प्रयोगशाळेत सिंक्रोट्रॉन नावाचं मोठं यंत्र आहे. त्याचे क्ष-किरण गंजातल्या लोखंडाच्या अणुकेंद्रांवर पडले, की ती केंद्रं ते शोषून घेतात, जरा ठेवतात आणि मग परत देतात. उशिरा परतलेल्या किरणांवरून कळतं, पाण्यात लोखंडाचं काय झालं. तिच्या पुस्तकात वाचलं होतं, तरी विचारलं, "जरा म्हणजे किती?"

"पापणी लवायच्या कितीतरी आधी, माय."

गंज. ह्यांच्या तळहातांना रोज लागायचा. मी तो नालीत सोडला. साखळीचा उरलेला तुकडा घाटावरच्या खुंट्याला आहे.

"दुसऱ्याच्या डोंग्याचा चालन का?"

ती म्हणाली, "चालन. पण बाबाचा पाहिजे होता."

ह्यांना नदीतून काढून त्याच घाटावर ठेवलं होतं. तेव्हापासून मी तिकडं गेले नाही. गंजासाठी जायचं? फार थकले आज.

बुधवार. सकाळी घाटावर गेले. सुरीनं ह्यांच्या साखळीचा गंज खरवडला, कागदाच्या पुडीत बांधला आणि घरी आणला.