आधी खोड, मग बोली

मी, खाली सही करणारी बाई, वय एकाहत्तर, शिक्षण चौथी, खुबा मोडलेला पण डोकं शाबूत, कोणाच्या धाकाने किंवा गोडीगुलाबीने नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हा कागद लिहिते. बुधवारी सकाळी दहाला माझं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. तरी काही झालं तर जबाबदारी माझी, अशी सही माझ्याकडूनच घेतात. म्हणून मीही माझ्या बाजूने एक करून ठेवते. याआधीच्या मृत्युपत्रात सगळं मुलाला दिलं होतं. ते आजपासून रद्द.

कलम १. माझ्या मालकीचं जे आहे ते असं: दोन खोल्यांचं घर, मागे नऊ ठाणांची पागा, सात घोडे आणि लिलावात आमच्या शब्दाला असलेला मान. शेवटची गोष्ट कुठल्याच दफ्तरात नोंदलेली नाही, पण खरी किंमत तिचीच येते.

कलम २. हा मान फुकट आलेला नाही. माझ्या नवऱ्याने एक देखणा घोडा विकला होता, डाव्या डोळ्याने आंधळा. डावी बाजू भिंतीकडे करून उभा केला होता. घेणारा दूधवाला चौथ्या दिवशी गाडीसकट खड्ड्यात गेला आणि त्याचा पाय गुडघ्यातून कापावा लागला. पुढे सहा वर्षं आमच्या अस्सल घोड्यांनाही लोक गाढवाची बोली लावत. नवरा त्याच झुरणीने गेला. मग मी स्वतः रिंगणात उतरले आणि बोलीच्या आधी प्रत्येक घोड्याची खोड सांगू लागले. हा चावतो. ही पाण्याला बुजते. याला चढावर जुंपू नका. पहिल्या वर्षी लोक हसले. तिसऱ्या वर्षी आमच्या घोड्याचे दात तपासायचे लोकांनी सोडले. आता आमचं जनावर आलं की लिलाव पुकारणारा हातोडा खाली ठेवतो आणि म्हणतो, "आधी खोड, मग बोली." तेव्हापासून आम्हाला रास्त भाव मिळतो. जास्त नाही, रास्त.

कलम ३. किरकोळ. माझं खोगीर नातीला, कारण ती लगाम ओढून घोड्याचं तोंड फाडत नाही. घोडे घासायचा खरारा आमच्या घोड्यांना नाल ठोकणाऱ्या नालबंदाला. बावीस वर्षं उसना नेतो, आता परत करायचा ताप वाचेल. नणंदेला काही नाही. माझ्या लग्नातलं मोठं पातेलं तिने नेलंय, तेच तिचं. सुनेला माझी कानातली आणि एक सल्ला: हळू बोल. एकवीस वर्षं सांगतेय. ही बाई स्वयंपाकघरात 'दूध उतू गेलं' म्हणते आणि पागेत सात घोडे कान टवकारतात.

कलम ४. अबलख घोडी, वय पाच. अशी चाल मी जन्मात तिसऱ्यांदा पाहिली. बुधवारी सकाळी दहाच्याच सुमाराला तिचा लिलाव आहे. मी पडले त्याच्या आदल्या दिवशी तिच्या डाव्या पुढच्या पायावरून हात फिरवला, तर मागची शीर गरम आणि सुजलेली लागली. मुलाला म्हटलं, हिला या खेपेला न्यायची नाही. "बघतो," म्हणाला. आमच्या घरात 'बघतो' म्हणजे 'नाही'.

काल नालबंद भेटायला आला. म्हणाला, चाऱ्याच्या पेटीत इंजेक्शनची रिकामी बाटली सापडली, दुखणं मारायच्या औषधाची. लिलावाची छापील यादीही त्याने दाखवली. घोडीपुढे लिहिलंय: खोड नाही.

आज सकाळी मुलगा आला. जे बोलणं झालं ते जसंच्या तसं लिहिते, म्हणजे पुढे कोणी रंगवून सांगायला नको.

"घोडी लंगडते का रे?"

"छे गं, हरणासारखी पळतेय."

"सुई टोचली तर मीही पळेन."

तो स्टुलावर बसला. "आई, ऑपरेशनचा खर्च कुठून आणू? पायाचं सांगितलं तर निम्मीच बोली येईल."

"माझा मोडका खुबा बसवायला घोडीचा पाय झाकू नकोस."

"तू तिथे नसशील. मला माझं बघू दे."

सून डबा घेऊन दाराशी उभी होती. तिने चकार शब्द काढला नाही. असं एकवीस वर्षांत पहिल्यांदाच झालं.

कलम ५. मी लिलाववाल्याला निरोप धाडून घोडी थांबवू शकते. पण त्याने एकच घोडी थांबेल. पुढच्या घोड्याच्या वेळी मी कुठून येऊ? म्हणून ठरवते ते असं. बुधवारी 'तीनवार' म्हणायच्या आत माझ्या घरातलं जे माणूस घोडीची खोड सगळ्यांदेखत सांगेल, माझ्यामागे घर आणि पागा त्याची. कोणीच बोललं नाही, तर घर आणि पागा घोडी घेणाऱ्याची. फसवलेल्याची भरपाई आमच्या घराकडून दूधवाल्यापासून राहिलेली आहे.

या कागदाची नक्कल नालबंदाच्या खिशात राहील. खोड न सांगता बोली तुटली, तर पैसे हातात पडण्याआधी त्याने ती घेणाऱ्याला वाचून दाखवावी, म्हणजे त्याला हवा तर सौदा मोडता येईल. मुलाला, सुनेला यातलं अक्षर आधी कळता कामा नये. पागा मिळते म्हणून कोणी खरं बोललेलं मला चालणार नाही.

मुलगा बोलेल असं मला वाटतं. वाटतं, एवढंच लिहिते.

कलम ६. मी गेले तर सगळे घोडे एका दिवसात विकू नका, भाव पडतो. आधी फरशीवर चालवून दाखवा. मऊ मातीत लंगडाही नाचतो. घेणाऱ्याला घोड्याचं तोंड स्वतः उघडू द्या. आणि रडायला पागेत जाऊ नका, घोडे बिथरतात.

ठिकाण: सरकारी रुग्णालय, हाडांचा विभाग, खाट चौदा
दिनांक: ९ मार्च, सोमवार
सही: (माझीच. आडवं होऊन केली म्हणून वाकडी.)
साक्षीदार: १. नालबंद, आमच्या मागच्या गल्लीतला. २. दिवसपाळीची नर्स. ही म्हणाली, "आजी, असले कागद लिहिण्यापेक्षा झोपा." तरी सही केली.

पुरवणी

मी जगले. खुब्यात लोखंड बसवलंय. बुधवारी काय झालं ते नालबंदाने सांगितलं आणि मुलाने खाली मान घालून कबूल केलं, म्हणून इथे नोंदवते.

घोडी रिंगणात आली. पुकारणाऱ्याने हातोडा खाली ठेवला आणि म्हणाला, "आधी खोड." दावं मुलाच्या हातात होतं. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि 'नाही' अशी मान हलवली. बोली चढत गेली, आमच्या पागेला कधी मिळाली नव्हती तिथवर. एकवार झालं. दोनवार झालं. नालबंद म्हणतो, त्याने खिशातला कागद अर्धा बाहेर काढला होता.

तेवढ्यात कठड्यापलीकडून सून ओरडली, "डावा पुढचा पाय दुखावलाय! सुई टोचून उभी केलीय! आता लावा काय लावायची ती बोली!"

शेजारी बांधलेला घोडा दोन पायांवर उभा राहिला म्हणतात. बोली कोसळली, निम्म्याच्याही खाली. मग शिंगरांसाठी घोडी शोधणारा एक जण म्हणाला, "या पागेने सांगितली तेवढीच खोड असणार. शिंगरं काही पायातून येत नाहीत." त्याने वाढवली, दुसऱ्याने वाढवली. शेवटी भाव रास्त आला. ऑपरेशनचा खर्च निघाला.

तेव्हा कलम ५ प्रमाणे माझ्यामागे घर आणि पागा सुनेची. तिला या कागदाची कल्पना नव्हती, हे साक्षीदार शपथेवर सांगतील. मुलाने पागेतच राहावं आणि रोज सकाळी प्रत्येक घोड्याचे चारही पाय हाताने तपासावेत. हाताला काय लागलं ते बायकोला सांगावं. पुढचं ती सांगेल.

कलम ३ मधली सुनेच्या आवाजाची तक्रार मी मागे घेते. फक्त रिंगणापुरती.

ठिकाण: तेच, खाट तीच
दिनांक: १३ मार्च, शुक्रवार
सही: (या खेपेला बसून)
साक्षीदार: तेच दोघे. नर्स म्हणते, सूनबाई भेटायला आल्या की दार लावून घ्यावं लागतं, बाकीचे पेशंट दचकतात. हेही नोंदवा म्हणाली. नोंदवलं.