माझ्या आईसाठी तुम्ही केलेली प्रार्थना

बाई, तुम्ही जाऊन सतरा वर्षं झाली आणि आज कुठे मी तुम्हाला लिहायला बसले आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, गृहपाठ द्यायची ही काय वेळ झाली? शनिवारची दुपार आहे. ऑफिस अर्धा दिवस असतं, घरी येऊन जेवले, एक ताट धुऊन पालथं घातलं, आणि आता भोईवाड्यातल्या या खोलीत पंख्याखेरीज कशाचाच आवाज नाही. तीन आठवड्यांपूर्वीपर्यंत या वेळेला एक मुलगी माझ्याकडे यायची. ती आता येत नाही. का येत नाही ते सांगायचं तर मला फार मागे जावं लागेल, आणि ते मागचं तुम्हाला ठाऊक नाही. तुम्हाला वाटत होतं की ठाऊक आहे.

तुमचं परळचं स्वयंपाकघर मला अजून जसंच्या तसं दिसतं. तुम्ही जमिनीवर बसून मेथी निवडताय आणि मी पाटावर बसून बायबलमधलं शुभवर्तमान मोठ्याने वाचतेय. अर्धा अध्याय झाला की तुम्ही मान वर न करता विचारता, "काय कळलं नाही?" काय कळलं ते तुम्ही कधीच विचारलं नाही. मी सव्वीस वर्षांची, नोकरी करणारी, शहाणी. मी ऐटीत म्हणते, "सगळं कळलं." तुम्ही म्हणता, "मग परत वाच." तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलेल्या तुम्ही, मलाही चौथीतच बसवलंत. विश्वासात वाढणं म्हणजे काय याच्यावर नंतर मी बरीच प्रवचनं ऐकली, पण माझी जी काही वाढ झाली ती त्या मेथीच्या जुडीशेजारी झाली. आणि रागावणं म्हणाल तर, बाप्तिस्म्याच्या आधी मी टिकली पुसून, बांगड्या उतरवून तुमच्यासमोर उभी राहिले, शाबासकी मिळेल म्हणून. तुम्ही नगरकडच्या ठसक्यात म्हणालात, "देवाला तुझे भुंडे हात बघायची हौस हाय व्हय गं?" मग हिंदमाताला नेऊन दुकानदाराला डझनभर साड्या उलगडायला लावल्यात, त्यांतली मोरपंखी मला घेतलीत, आणि येताना बांगड्याही भरायला लावल्यात. त्या दिवशी मला फार लाजल्यासारखं झालं होतं आणि फार बरंही वाटलं होतं.

बाप्तिस्मा झाला आणि मी गिरगावला घरी जाऊन आईला सांगितलं. आई दोन दिवस रडली. माझ्याशी बोलली नाही. शेजारणी येऊन डोकावून गेल्या. मी आतून पूर्ण तयारीत होते. चर्चमध्ये मंडळीसमोर उभं राहून लोक आपल्या विश्वासाची साक्ष देत, तिच्यात कोणाला भावाने मारलेलं असायचं, कोणाचं सामान रस्त्यावर फेकलेलं असायचं. मीही माझ्या वाट्याचा छळ सोसायला कंबर कसून बसले होते. तिसऱ्या दिवशी आईने ताट वाढलं आणि म्हणाली, "तुझा देव तुझ्यापाशी. बस जेवायला." माझ्या वाट्याला आला तो वरणभात, बाई. मला त्याचा किती राग आला म्हणून सांगू. मी न जेवता बॅग भरली. मी जिना उतरत होते तेव्हा आई चाळीच्या गॅलरीतून म्हणत होती, "अगं, निदान जेवून तरी जा."

तुमच्या दारात मी बॅग घेऊन उभी राहिले. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, बॅगेकडे पाहिलंत आणि विचारलंत, "घरच्यांनी काढलं का गं पोरी?" मी काहीही बोलले नाही. नुसती मान खाली घातली. तुम्ही आत गेलात आणि डब्यातून आणखी एक वाटी तांदूळ काढलेत. तेवढंच झालं. पुढे चार वर्षं, तुमच्या शेवटच्या आजारापर्यंत, मी तुमच्याकडे राहिले, आणि त्या चार वर्षांत रोज संध्याकाळी जेवायच्या आधी तुम्ही डोळे मिटून प्रार्थना केलीत की प्रभू, हिच्या आईचं मन मऊ कर. मी तुमच्या शेजारी बसून आमेन म्हणत होते. त्या काळात आई ऑफिसमध्ये फोन करायची. मी मैत्रिणीला खुणेने सांगायचे, जागेवर नाही म्हण.

मग मंडळीत साक्ष द्यायची वेळ आली. मान खाली घालून साक्ष देता येत नाही, तिथे बोलावं लागतं. पहिल्या वर्षी मी म्हटलं, आईने मला घर सोडायला सांगितलं. लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या वर्षी आईने बॅग फेकली. पुढे कधीतरी तोंडावर दार लावलं. दरवर्षी माझी आई थोडी थोडी दुष्ट होत गेली, आणि ती तिकडे गिरगावात माझ्या नावाने उपास धरत होती, हे मला ती गेल्यावर भावाकडून कळलं. मी साक्ष देणं तेव्हाही थांबवलं नाही. खोटं इतकं घोटून झालं होतं की त्यातली बॅग मला खरंच पडताना दिसायची.

या वर्षी ती मुलगी आली. शीवच्या कोळीवाड्यातली, एका लॅबमध्ये कामाला, आई बाजारात मासे विकते. पाळकसाहेब म्हणाले, "तुमची साक्ष ऐकून ही फार रडली. नवीन विश्वासी आहे, हिला तुम्हीच सांभाळा." ती दर शनिवारी यायची. मी तुमच्यासारखंच विचारायचे, काय कळलं नाही? ती माझ्यापेक्षा प्रामाणिक. "मावशी, अर्धं डोक्यावरून गेलं," असं सरळ सांगायची. आम्ही हसायचो. शुक्रवारपासूनच मी दोन माणसांची भाजी निवडायला घ्यायचे. मग तीन आठवड्यांपूर्वी ती आली ती बॅग घेऊनच.

"मावशी, मी घर सोडलं."

"आई काय म्हणाली?"

"काय नाय बोलली. रडली, मग गप्प बसली. पण नंतर काढलंच असतं ना? तुमच्या आईने काढलं तसं. मी बोलले, आपणच निघू आधी."

बाई, मी तिची बॅग हातात घेतली आणि कॉटखाली सरकवली. दोन ताटं घेतली, भात वाढला. मनात हिशेब मांडला की ही इथे राहिली तर सकाळचा चहा दोघींचा होईल, कोणीतरी दार वाजवेल, आजारी पडले तर कोणाला तरी कळेल. मला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार? ती पहिला घास घेणार इतक्यात म्हणाली, "आईने डबा द्यायला काढला होता, मी नको बोलले." तेव्हा मात्र मला गप्प बसवेना. मी तिला सगळं सांगितलं, वरणभातापासून गॅलरीपर्यंत.

तिने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे ती साक्ष खोटी?"

"हो."

"आणि मी त्या साक्षीच्या भरवशावर घर सोडलं."

मी बसने तिला शीवला सोडायला गेले. दारात तिची आई सुकट निवडत बसली होती. मुलीला बघून एवढंच म्हणाली, "आयलीस गो? पाय धुव, जेवाला बस." मग माझ्याकडे बघून, "ह्या कोण?" मुलगी म्हणाली, "चर्चमधल्या आहेत." मावशी म्हणाली नाही.

ती रविवारी उपासनेला येते, पुढच्या बाकावर बसते. पाळकसाहेबांना मी स्वतः जाऊन सांगितलं. त्यांनी तिला दुसऱ्या एका बाईंकडे सोपवलं आहे, आणि मला पुढच्या रविवारी मंडळीसमोर उभं राहायला सांगितलं आहे. तिथे मी खरं बोलेन. तिथलं भय आता राहिलेलं नाही. पण एक गोष्ट मी तिथे सांगणार नाही, ती फक्त तुम्हाला, या कधीच न पोचणाऱ्या कागदावर.

त्या दिवशी दारात मी मान खाली घातली ती शरमेने नव्हती आणि धर्मासाठी तर नव्हतीच. मला पक्कं ठाऊक होतं की खरं कळलं असतं तर तुम्ही चप्पल घालून त्याच पावली मला आईकडे पोचवलं असतंत. आणि मला तुमच्याकडे राहायचं होतं. देव नंतर आला, बाई. आधी मला तुम्ही हव्या होतात.