चाकाखालचा दगड

बालाघाट, गुरुवार, २२ ऑगस्ट १९८५

बाबांच्या गाडीला आज नवा स्टार्टर बसला. किल्ली फिरवली की नुसतं टक् व्हायचं. मी बॅटरीवर संशय घेऊन बसलो होतो, पण मिस्त्रीनं दिवे लावून पाहिले तर लख्ख. मग त्यानं स्टार्टरवर पान्यानं ठोकलं आणि गाडी सुरू झाली. म्हणाला, "स्टार्टरच गेला, भाऊ. बाबूजीले मी कितीदा सांगतलं होतं."

बाबांनी शेवटपर्यंत बदलला नाही. गाडी कायम गल्लीच्या उतारावर लावायचे, चाकाखाली दगड. निघताना दगड काढायचा, गाडी उतारावरून सोडायची आणि चालत्या गाडीत गिअर टाकून इंजिन सुरू करायचं. रामपायलीच्या देवळाला गेलो तरी आधी उतार शोधायचे. मला लाज वाटायची.

आता बाबाच नाहीत. संध्याकाळी मी गाडी पहिल्यांदाच फाटकाशी, सपाट जागेवर लावली. बरं वाटलं. खरंच वाटलं का?

थोड्या वेळानं आई म्हणाली, "काहून रे, चाकाखाली दगड ठेवला? इथं उतार कुठी हाय?"

मी म्हटलं, तूच ठेवला असशील.

"मी तं बाहेरच नाही गेली."

जाऊन पाहिलं. बाबांचाच दगड. उतारावरून इथवर कोणी आणला? घरात आम्ही दोघंच. हात लावायचा धीर झाला नाही, तसाच परत आलो आणि लिहायला बसलो.

या पानाच्या कडेला ओल्या मातीची बोटं उमटली आहेत. माझीच.