पातेल्यातले बारके दाणे

ता. ३ फेब्रुवारी

चि. चिमीस, अ. उ. आ.

परवा तुझ्या हातचं जेवलो. चव उत्तम, पण एक गोष्ट घशाखाली उतरत नाही. सकाळी प्रार्थनाघरात शेतकरी देवापुढे घेवडा ठेवत होते, तो मी हातात घेऊन पाहिला. टपोरा, एकेक दाणा निवडून आणलेला. देवापुढचं त्याच दिवशी शिजवून सगळ्यांना वाढायचं, मागे काही ठेवायचं नाही, हा तुमचा नियम. मग माझ्या ताटात सुरकुतलेले बारके दाणे कुठून आले?

कोठीची एक किल्ली तुझ्याकडे, दुसरी थोरल्यांकडे. प्रार्थनाघराचे हे तुमचे मुख्य फार हळू बोलतात. वजनकाटे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. हळू बोलणाऱ्या दुकानदाराचाच काटा मी आधी उघडतो. टपोरा माल बाजारात जातोय, दुसरं काय? तुला ठाऊक असेल ते सविस्तर लिही.

तुझी खुशाली आधी, बाकीचं मागून.

दादा

ता. १० फेब्रुवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसू आलं, मग गेलं. लग्नाआधी वहिनीकडे चहाला गेलास, तेव्हाही सगळे कप सारखे भरलेत का ते वाकून पाहत होतास म्हणे. अरे, घेवडा शिजला की रूप बदलतं, एवढंच. थोरल्यांइतका सरळ माणूस इथे दुसरा नाही.

हे तुझ्यामाझ्यातच राहू दे. स्वयंपाकघर माझ्याकडे आहे म्हणून त्यामागची खोली माझी आहे. ते गेलं तर या वयात पुन्हा कुणाच्या तरी दारात उभं राहावं लागेल.

गुडघ्याला तेल लावतोस ना? खरं-खोटं वहिनीला विचारीन.

माया आहे तशीच ठेव.

चिमी

ता. १८ फेब्रुवारी

चि. चिमीस, अ. उ. आ.

मी स्वतः घेवडा भिजवून, शिजवून पाहिला. फुगतो, बारका होत नाही. कॉलेजाची पायरी न चढता एवढं मला कळतं. तू घाबरून लिहितेस, म्हणजे तुला कुणीतरी दाबतंय. म्हणून प्रार्थनाघराच्या पंचांना सरळ कळवलं, की तिथली एकूण एक खोली उघडून पाहा. तुझं नाव कुठेही घातलेलं नाही. निर्धास्त राहा, आणि भावावर भरवसा असू दे.

दादा

ता. २ मार्च

ती. दादास, सा. न.

सगळ्या खोल्या उघडल्या. थोरल्यांच्या खोलीत चटई आणि पुस्तकं निघाली. माझ्या पलंगाखाली, कीड लागू नये म्हणून राखेत घोळवलेल्या टपोऱ्या घेवड्याच्या बरण्या निघाल्या.

दादा, लोक श्रद्धेने उत्तम तेवढं देवाला देतात आणि उरलेलं बारकं पेरतात. शेंग वर्षागणिक खुरटत चालली होती. देवाला कमी द्या, असं सांगायची माझी छाती नव्हती. मी टपोरे काढून ठेवायची, त्यांच्या जागी बाजारातले बारके शिजवायची, आणि पेरणीच्या वेळी तेच टपोरे देवाचा आशीर्वाद म्हणून ओंजळ-ओंजळ वाटायची. देवाचं बी म्हटल्यावर खायला कुणी धजलं नाही, सगळ्यांनी पेरलं.

पंच म्हणाले, नियम मोडला. दाणे दुसऱ्या दिवशी सगळे शिजवायचे आणि मी स्वयंपाकघर सोडायचं. तोवर बरण्या थोरल्यांच्या कुलपात ठेवल्या. सकाळी मी त्या पातेल्यात ओतल्या. बरणीत वरवर टपोरे, खाली सगळे बारके. थोरले शेजारीच उभे होते. धूर फार होतोय म्हणाले आणि खिडकी उघडायला गेले. मी वरून पाणी ओतलं.

शनिवारी निघते. ठेवून घेशील ना?

चिमी

ता. ५ मार्च

चि. चिमीस, अ. उ. आ.

दुकानामागची खोली रिकामी केली. दाराला नवी कडी बसवली, आतून नीट लागते. वहिनी म्हणते, माझ्याविषयीच्या तक्रारी ऐकायला तिला हक्काचं माणूस मिळालं. चोरी आहे म्हटलं होतं, चोरी निघाली. तेव्हा माझं चुकलं असं मी म्हणणार नाही. पण तू शनिवारची वाट पाहू नकोस, आधीच ये.

कुलपात राहून दाणे बारके होत नाहीत, हे मला शिजवून पाहायची गरज नाही. पेरणीला ओंजळी वाटणारं तिथे कुणी उरलंय, एवढं कळलं. पंचांचं आभाराचं पत्र आलंय. प्रार्थनाघरात आणखी काही संशय घेण्यासारखं वाटतं का, असं विचारलंय. उलट टपाली कळवून टाकलं, की काहीही नाही.

रोज स्टँडवर उभा असेन.

दादा